काडीचं मोल

पीक घरात आल्यावर शेतात जे मागं उरतं, त्याला मराठीत नावं किती आहेत हे मी एकदा मोजायला बसलो होतो. ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमाड, भाताचा पेंढा, गव्हाचं काड, उसाचं पाचट, कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनचं कुटार, भुईमुगाचे वेल... कागदाच्या दोन ओळी भरल्या तरी यादी संपेना. शिवाय तालुका बदलला की यातली निम्मी नावं बदलतात. कादंबरी लिहिणाऱ्याला असले शब्द गोळा करण्याची खोड असते, पण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ 'कचरा' असा होत नाही. कडबा बैलाच्या दावणीत जातो, तुराट्यांचा कूड होतो, पऱ्हाटी चुलीत जळते. 'कृषी कचरा' हा शब्द बाहेरून, कागदपत्रांतून शेतात आला.

सध्या हा शब्द वारंवार ऐकू येतो तो मोटारीच्या इंधनाच्या संदर्भात. आपण पंपावर जे पेट्रोल भरतो त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. याची सुरुवात महाराष्ट्रातही झाली होती, हे फारसं कुणाला आठवत नाही. २००१ साली प्रायोगिक तत्त्वावर पाच टक्के इथेनॉल मिसळून पेट्रोल विकायचं ठरलं तेव्हा निवडलेल्या ठिकाणांत मिरज आणि मनमाड होतं. २००३मध्ये नऊ राज्यांत ही योजना गेली, मग बरीच वर्षं रखडली, २०१४ साली मिश्रणाचं प्रमाण दीड टक्क्यावर होतं. पुढं मात्र झपाट्यानं वाढलं. २०२२मध्ये दहा टक्के, २०२५मध्ये वीस. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत उष्णता सुमारे दोन तृतीयांशच असते, त्यामुळे गाडीचं 'अ‍ॅव्हरेज' थोडं उतरतं, आणि त्यावरून घरोघरी वाद झाले. ते वाद आज बाजूला ठेवू.

कारण खरा प्रश्न हे इथेनॉल येतं कुठून, हा आहे. ते येतं उसातून, आणि अलीकडे त्याहूनही जास्त धान्यातून. मका आणि तांदूळ. म्हणजे जे माणसाच्या किंवा कोंबडीच्या पोटात जायचं, तेच टाकीत जातं. डिसेंबर २०२३मध्ये साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा आपल्या कारखानदारांची झोप उडाली. निर्बंध ऑगस्ट २०२४मध्ये उठले, पण ताट आणि टाकी यांची ओढाताण सगळ्यांना दिसली. म्हणूनच कुणी म्हणालं, की दाणा माणसाला ठेवा आणि काडीपासून इंधन करा, तर ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं. मलाही पटलं. यालाच 'दुसऱ्या पिढीचं इथेनॉल' म्हणतात.

काडीत असं काय आहे? भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं तर तो गोड लागतो, हे लहानपणी सगळ्यांनी करून पाहिलेलं असतं. पिठातला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची माळ. लाळेनं ती तुटते आणि साखर सुटी होते. गंमत अशी, की कडब्यातही तीच साखर आहे, ग्लुकोज. फक्त माळ ओवण्याची गाठ वेगळी आहे. ती गाठ आपल्या पोटाला सुटत नाही. गाईच्या पोटातल्या जंतूंना सुटते, म्हणून ती कडब्यावर जगते आणि आपण गाईच्या दुधावर. या घट्ट गाठीच्या माळेला सेल्युलोज म्हणतात. त्याच्या भोवती हेमिसेल्युलोज नावाचं दुसऱ्या साखरांचं जाळं असतं, आणि या दोहोंना लिग्निन सिमेंटसारखं धरून ठेवतं. झाड वाऱ्यात उभं राहतं ते यामुळे, आणि कारखानदाराचा घाम निघतो तोही यामुळेच.

काडीतून साखर काढणं काही कालपरवाचं नाही. १८१९ साली फ्रान्समध्ये आन्री ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञानं तागाच्या जुन्या चिंध्यांवर गंधकाम्लाची क्रिया केली आणि साखर मिळवली. चिंध्यांच्या वजनापेक्षा साखरेचं वजन जास्त भरलं, म्हणून लोक चक्रावले. (माळ तुटताना प्रत्येक कणाला पाणी चिकटतं, त्याचं ते वजन.) पण तीव्र आम्लाचा खर्च आणि त्याची विल्हेवाट, यापायी तो मार्ग मोठ्या प्रमाणावर कधी परवडला नाही.

दुसरा मार्ग युद्धानं दाखवला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, पट्टे, पिशव्या बघता बघता कुजायला लागल्या. कारण शोधण्यासाठी बुरश्यांचे हजारो नमुने गोळा केले गेले. सॉलोमन बेटांवरच्या एका नमुन्यातली बुरशी कापूस फडशा पाडल्यासारखा खात होती. म्हणजे सेल्युलोजची गाठ तिला सुटत होती. एल्विन रीझ आणि मेरी मँडल्स यांनी पुढं कित्येक वर्षं तिच्यावर काम केलं. १९७७ साली तिला रीझ यांच्या नावावरून 'ट्रायकोडर्मा रीसिआय' हे नाव मिळालं. ट्रायकोडर्मा म्हटल्यावर आपल्या शेतकऱ्यांचे कान टवकारतील. बियाण्याला चोळायची ट्रायकोडर्माची पुडी कृषी सेवा केंद्रात मिळते, ती याच घराण्यातली. सैन्याचे तंबू खाणाऱ्या बुरशीचं विकर, म्हणजे एन्झाइम, आज काडीच्या कारखान्यात विकत घेऊन टाकलं जातं.

तिसरी अडचण हेमिसेल्युलोजमधल्या साखरांची. दारू गाळणाऱ्यांचं आणि पाववाल्याचं नेहमीचं यीस्ट या साखरेला तोंड लावत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॉनी इन्ग्राम यांनी ताडीसारख्या रसात आढळणाऱ्या एका जिवाणूची जनुकं दुसऱ्या जिवाणूत बसवली आणि त्याच्याकडून ही साखर आंबवून घेतली. या शोधाला १९ मार्च १९९१ रोजी अमेरिकेचं पन्नास लाखावं पेटंट मिळालं. आकडा गोल होता म्हणून समारंभही झाला.

म्हणजे कृती आता माहीत आहे. काडी बारीक करायची, सौम्य आम्ल घालून वाफेवर दाबाखाली शिजवायची (कुकरच समजा, फक्त इमारतीएवढा), मग विकर घालून दोन-तीन दिवस ठेवायची, आंबवायची, गाळायची. उरलेलं लिग्निन बॉयलरखाली जाळायचं. शास्त्रज्ञांनी आपली बाजू लढवली आहे. आणि तरीही जगातले असले कारखाने एकामागून एक बंद का पडले?

कारण ते पडले. इटलीत क्रेसेंतिनोचा कारखाना २०१३मध्ये वाजतगाजत सुरू झाला, २०१७मध्ये थांबला. तो पुढं दुसऱ्या मालकाच्या हाती गेला. अमेरिकेत कॅन्सास राज्यातला ह्युगोटनचा २०१४मध्ये उघडला आणि वर्षभरात थंडावला. मालक कंपनी दिवाळखोरीत गेली. आयोवा राज्यातल्या नेवाडा गावी ड्यूपाँटनं २०१५ साली मक्याच्या ताटांवरचा प्रचंड कारखाना उभारला, तो २०१७मध्ये बंद. नव्या जर्मन मालकानं तिथं ताटांपासून इथेनॉल करण्याचा नाद सोडला आणि त्याच ताटांपासून गॅस करायला घेतला. त्याच राज्यातला एमेट्सबर्गचा २०१९मध्ये थांबला. रुमानियातला पोदारीचा कारखाना तर २०२१मध्ये बांधून झाला आणि २०२३मध्ये गुंडाळला. प्रत्येकाची कहाणी वेगळी आहे. कुठं कंपनीच बुडाली, कुठं दोन कंपन्यांच्या विलीनीकरणात तो नकोसा झाला. पण तिथल्या अभियंत्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा आढळते, आणि ती मला आपल्या खळ्यावरची वाटते: माती आणि खडे. शेतातून यंत्रानं गोळा केलेल्या गासडीबरोबर माती येते. ती पात्यांना खाते, नळ्यांत बसते. विकर, जनुकं, पेटंट सगळं तयार, आणि यंत्र अडलं ते ढेकळानं.

आपल्याकडं पानिपतला इंडियन ऑइलनं भाताच्या पेंढ्यावरचा कारखाना उभा केला. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचं राष्ट्रार्पण झालं. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. दौंडजवळ २०१७मध्ये त्यांनी त्याचा प्रात्यक्षिक कारखाना चालवून पाहिला होता. मुंबईच्या माटुंग्यातल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनंही आपल्या पद्धतीचा रोज दहा टनांचा कारखाना २०१६मध्ये उत्तराखंडात काशीपूरला उभा केला. या क्षेत्रात मराठी मुलखाचा हात मोठा आहे, तो आवर्जून सांगायला हवा.

पानिपतचे जाहीर झालेले आकडे असे: खर्च नऊशे कोटींहून जास्त, वर्षाला दोन लाख टन पेंढा, त्यातून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल. आकडे दिसले की माझ्यातला बँकवाला जागा होतो. कर्जाची प्रकरणं तपासण्यात उमर गेली, त्याला इलाज नाही. तर नऊशे कोटी भागिले तीन कोटी. एका लिटरच्या वार्षिक क्षमतेमागं तीनशे रुपये भांडवल. दहा टक्के दरानं व्याज धरलं तर कारखान्याची चूल पेटायच्या आधीच लिटरवर तीस रुपये चढले. कारखाना वर्षभर पुऱ्या ताकदीनं चालला तर तीस. निम्माच चालला तर साठ. म्हणून असल्या कारखान्याचं मरण एकाच गोष्टीत असतं, तो थांबण्यात. आणि तो थांबू नये म्हणून पेंढा बारा महिने आला पाहिजे.

पेंढा बारा महिने येत नाही. पंजाब-हरयाणात भूजल वाचवण्यासाठी २००९मध्ये कायदे झाले आणि भाताची लावणी जूनच्या मध्यापर्यंत पुढं गेली. साहजिकच कापणीही पुढं सरकली. भात निघाल्यापासून गहू पेरेपर्यंत शेतकऱ्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे राहतात. कंबाइन यंत्र दाणे घेऊन जातं, धसकटं आणि पेंढा रानात सोडतं. भाताच्या पेंढ्यात सिलिका फार, जनावरं तो आवडीनं खात नाहीत. मग काडेपेटी. दिल्लीच्या धुराला आपण नावं ठेवतो, पण त्या शेतकऱ्याच्या कॅलेंडरवर नजर टाकली तर काडेपेटी समजते.

आता कारखान्यानं दोन लाख टन पेंढा या हंगामात उचलायचा आहे. ट्रकमागे दहा टन धरले तर वीस हजार ट्रक. सगळ्या मुलखाची कापणी मागंपुढं होते म्हणून चाळीस दिवस धरू. रोज पाचशे ट्रक. आधी पेंढा ओळीत ओढणारं यंत्र, मग गासड्या बांधणारं यंत्र, मग उचल, मग गंज रचायला जागा. ती गंज वर्षभर सांभाळायची, पावसात भिजू द्यायची नाही, कारण ओली गंज आतून तापते आणि कधी कधी आपोआप पेटते. हे गाठोडं बांधण्याचं काम प्रयोगशाळेत होत नाही. २०१९च्या 'जीवन' योजनेत केंद्रानं अशा प्रकल्पांसाठी १९६९ कोटी ५० लाख रुपयांची तरतूद केली. तिचा हेतू चांगला होता. पण अनुदानानं कारखाना उभा राहतो, गंज उभी राहत नाही.

आता आपल्या मातीवर येतो. महाराष्ट्रात पेंढ्याची गोष्ट जशीच्या तशी लागू होत नाही. कडब्याचं तर नावच काढू नये. २०१२-१३च्या दुष्काळात मी बीड जिल्ह्यात होतो. चारा छावण्या लागल्या होत्या, वसुली ठप्प होती. अशात एक म्हातारे शेतकरी शाखेत आले आणि थकलेले दोन्ही हप्ते रोख भरून गेले. आदल्या साली राखून ठेवलेली कडब्याची गंज त्यांनी विकली होती. कडबा शेकड्यानं विकतात, शंभर पेंढ्यांचा भाव. त्या उन्हाळ्यात तो भाव ऐकून मी अवाक झालो. "साहेब, ज्वारी कधीच खाऊन झाली," म्हातारबाबा म्हणाले, "पर कडब्यानं अब्रू राखली." आमच्या कर्जाच्या अर्जात ज्वारीच्या उत्पन्नाला मोठा रकाना असे, कडब्याला कोपऱ्यात एक ओळ. त्या गंजीला कुणी कचरा म्हणालं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते इथं छापण्यासारखं नसेल.

पाचटाचं निराळं. ऊस तुटल्यावर रान पेटवून देण्याची रीत होती, अजूनही आहे. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघतं. ते उचलून कारखान्यात नेलं तर इथेनॉल होईल हे खरं, पण कृषी खात्यानं गेली कित्येक वर्षं जीव तोडून सांगितलंय, की पाचट जाळू नका, खोडव्याच्या सरीत दाबा, युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकून कुजवा. पाणी वाचतं, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो. ज्यांनी ऐकलं त्यांच्या जमिनी भुसभुशीत झालेल्या मी पाहिल्या आहेत. तिथं कुणी गासडी बांधायचं यंत्र घेऊन आला तर मी त्या शेतकऱ्याला म्हणेन, दादा, जरा थांबा. काडीबरोबर पालाशही जातं, आणि ते पुन्हा पोत्यातून विकत आणावं लागतं.

राहिली पऱ्हाटी. इथं मात्र मला आशा वाटते. कापसाखालच्या क्षेत्रात महाराष्ट्र देशात पुढं आहे, आणि हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. जनावर ती खात नाही, लाकडासारखी कडक असल्यानं रानात लवकर कुजत नाही. गॅस आल्यापासून चुलीतही पूर्वीइतकी लागत नाही. उलट गुलाबी बोंडअळीच्या भयानं कृषी विभाग सांगतो, की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटा आणि बांधावर रचून ठेवू नका, कारण अळीचे कोष तिच्यातच राहतात. म्हणून विदर्भात आणि मराठवाड्यात ती पेटवली जाते. म्हणजे घेणारा कुणी असेल तर शेतकऱ्याला ती द्यायचीच आहे. पण या सोयीतच एक पेच आहे. कारखान्याला वर्षभराचा साठा हवा, आणि गावोगाव पऱ्हाटीच्या गंजी रचल्या तर अळीला आपण घर बांधून दिलं. ती उपटल्याबरोबर रानातच तुकडे करून न्यावी लागेल. म्हणजे आणखी एक यंत्र आणि आणखी एक खर्च.

आयोवातल्या ड्यूपाँटनं तीस मैलांच्या परिसरातल्या सुमारे पाचशे शेतकऱ्यांकडून ताटं गोळा करायचं ठरवलं होतं. आपल्याकडं हेक्टरी अडीच टन धरलं तर एकराला एक टन पऱ्हाटी. दोन लाख टनांसाठी दोन लाख एकर. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा साडेतीन एकरांच्या आतली. साठ हजार खातेदार झाले! पाचशे लोकांशी कंपनी करार करू शकते. साठ हजारांशी करार करायला मधे कुणीतरी लागतो. तो मधला माणूस कोण, शेतकऱ्यांची कंपनी, सोसायटी, की ट्रॅक्टरवाला दलाल, यावर सगळं अवलंबून आहे. गावची धाटणी पाहता सध्या तरी दलालाचाच ट्रॅक्टर आधी पोचेल.

आणि पैसे? पुन्हा पानिपतचंच प्रमाण घेऊ. टनाला दीडशे लिटर. टनामागे दीड हजार रुपये दिले तर लिटरमागे दहा रुपये. यातले बहुतेक यंत्राचे, डिझेलचे आणि ट्रकचे. बांधावरच्या शेतकऱ्याला बऱ्याचदा 'तुमचं रान मोकळं करून दिलं की' एवढंच ऐकायला मिळतं. समजा, त्याच्या हातात टनाला तीनशे रुपये जादा ठेवायचे ठरवले, तर लिटरमागे वाढ किती? दोन रुपये. व्याजाचे तीस आणि शेतकऱ्याचे दोन. मी तरी प्रकल्प अहवाल वाचताना आधी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहीन. शेतकऱ्याचे दोन रुपये वाचवण्याच्या नादात गंज कमी पडली आणि कारखाना चार महिने थांबला, तर त्यात कुणाची बचत झाली?

एक गोष्ट या अहवालांत कधी दिसत नाही, ती म्हणजे चिमटा. पऱ्हाटी हातानं उपटताना तळहात सोलून निघतात, म्हणून लोखंडी चिमट्यात बुंधा धरून ती उपटतात. उन्हाळ्याच्या तोंडावर, जमीन वाळून कडक झालेली असताना, हे काम बहुधा बायाच करतात, आणि त्याची मजुरी आज शेतकरी खिशातून देतो. टनाचा भाव ठरवताना ही मजुरी धरली आहे का, हे आधी विचारायला हवं. त्यानंतरचा प्रश्न वजनकाट्याचा. उपटल्याबरोबरची पऱ्हाटी ओली आणि जड असते, आठ दिवसांनी हलकी होते. भाव ओल्या वजनाला की वाळलेल्या? सोयाबीनच्या ओलाव्यावरून दर हंगामात मोंढ्यात भांडणं होतात, आणि कपात नेहमी एकाच बाजूनं होते. तेव्हा पहिला ट्रॅक्टर रानात शिरायच्या आधी ओलाव्याचं प्रमाण करारात मराठीत, ठळक अक्षरात लिहून घ्यावं, आणि काटा गावातच असावा.